साप चावला, पाऊल कुठे वळते?



खालापूर-कर्जत पट्ट्यात पावसाने जोर धरला की शेतात लावणीची धावपळ सुरू होते आणि त्याच वेळी दवाखान्यात साप-विंचू चावलेल्यांची ये-जा वाढते. बिळात पाणी शिरले की साप कोरडी जागा शोधत बाहेर पडतो. ती कोरडी जागा म्हणजे बहुतेक वेळा आपलेच घर असते. चुलीमागचा कोपरा, लाकडांचा ढीग, पेंढ्याची उडवी, वीटभट्टीवर रचलेल्या विटा, कोंबड्यांचे खुराडे. उंदीर तिथे, साप तिथे. आणि आपण जमिनीवर गोधडी अंथरून झोपलेलो असतो.

साप चावल्यावर काय करायचे, हे आपल्यापैकी बहुतेकांनी कुठे ना कुठे ऐकलेले आहे. आशाताई सांगतात, शाळेत सांगतात, आरोग्य केंद्राच्या भिंतीवरही लिहिलेले असते. तरीही प्रत्यक्ष वेळ आली की पाऊल भलतीकडे वळते. कोणी भगताकडे धावते, कोणी करकचून दोरी बांधते, कोणी ब्लेड शोधते, कोणी "सकाळी बघू" म्हणून झोपून जाते. माहिती असूनही असे का होते, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

याचे उत्तर थोडक्यात असे. अचानक संकट आले की माणूस माहितीवर चालत नाही, मनात आधीपासून मुरलेल्या समजुतीवर चालतो. समजुतीतून भावना उठते, भावनेतून कृती होते आणि कृतीतून परिणाम घडतो. सापाचे विष आपल्या हातात नाही. पण चावल्यानंतरचा पहिला अर्धा तास आपल्या हातात असतो, आणि त्या अर्ध्या तासात काय होणार हे आपल्या डोक्यात काय भरलेले आहे त्यावर ठरते.

औषध असूनही मृत्यू

आपल्या देशातल्या सर्पदंशाच्या मृत्यूंचा एक मोठा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात साप चावून सुमारे १२ लाख माणसे मेली, असा त्याचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. यातली बहुसंख्य माणसे खेड्यातली, शेतात राबणारी. सुमारे निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले. आणि बहुतेक जण दवाखान्याबाहेरच गेले.

या शेवटच्या गोष्टीवर जरा थांबा. सापाच्या विषावरचे औषध शंभर वर्षांहून जुने आहे. घोड्याला विषाची थोडी थोडी मात्रा देऊन त्याच्या रक्तात तयार झालेल्या प्रतिविषापासून ते बनवतात. आपल्या मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेने हे काम अनेक दशके केले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही मुख्य विषारी सापांवर हे एकच इंजेक्शन चालते. आपण त्याला 'सापाचे इंजेक्शन' म्हणतो, दवाखान्यात 'एएसव्ही' म्हणतात. सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळते.

मग माणसे दवाखान्याबाहेर का मरतात? रस्ता नाही, गाडी नाही, रात्री डॉक्टर नाही, ही कारणे खरी आहेत आणि त्यासाठी आपण भांडलेच पाहिजे. पण गाडी दारात उभी असतानाही भगताच्या अंगणात दोन तास घालवले जातात, हेही तितकेच खरे आहे. तिथे रस्ता आडवा येत नाही, समजूत आडवी येते.

मंत्राने विष उतरते, असे का वाटते?

"आमच्या मामाला उतरवलं होतं. डोळ्यांनी बघितलंय." हे वाक्य मी नोकरीत असताना कितीदा ऐकले, याची मोजदाद नाही. सांगणारा माणूस खोटे बोलत नसतो. मामाला खरेच साप चावला होता, भगताने खरेच मंत्र म्हटला होता, आणि मामा खरेच जगला. मग चूक कुठे आहे?

आपल्या देशात सापांच्या ३०० हून अधिक जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक बिनविषारी आहेत. धामण, दिवड, तस्कर, कवड्या हे आपल्या अंगणात नेहमी दिसणारे साप चावले तरी माणूस मरत नाही. विषारी साप चावला तरी दर वेळी तो पुरेसे विष सोडतोच असे नाही. कधी नुसते दात लागतात.

आता एक हिशेब करू. आकडे फक्त समजण्यासाठी धरले आहेत. समजा वर्षभरात एका भगताकडे साप चावलेली दहा माणसे आली. त्यातल्या सातांना बिनविषारी साप चावला होता किंवा विष अंगात गेलेच नव्हते. भगताने मंत्र म्हटला काय, भजन म्हटले काय, किंवा नुसता गप्प बसला काय, ते सात जण घरी जाणारच होते. ते घरी गेले आणि गावभर सांगत सुटले, "उतरवलं!" उरलेल्या तिघांच्या अंगात खरे विष होते. ते मेले. त्यांच्याबद्दल गाव काय म्हणते? "उशिरा आणलं." "काळच आला होता." "कुणीतरी वाटेत शिवलं."

बघा, जगला तर मंत्राने, मेला तर नशिबाने. ही समजूत कधी नापासच होत नाही, कारण नापास झालेला पेपर आपण मोजतच नाही. वर मेलेला माणूस सांगायला परत येत नाही आणि जगलेला रोज चौकात भेटतो. म्हणून सगळ्या गावाला जगलेलेच आठवतात.

आपल्या पूर्वजांना या असल्या हिशेबाचा चटका चांगलाच बसला आहे. आमच्या स्पर्शाने पाणी बाटते, हीही एक समजूतच होती. तिचा पुरावा कुणी कधी मागितला नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. पाणी होते तसेच राहिले. तरीही नंतर काही लोकांनी शेण-गोमूत्राच्या घागरी ओतून तळे 'शुद्ध' केले. समजूत घट्ट असली की डोळ्यांसमोरचे पाणीही माणसाला दिसत नाही. ज्यांनी ही गोष्ट अंगावर सोसली त्यांच्या घरात तरी तपासल्याशिवाय समजूत राहू नये.

आणि आपण स्वतःला विचारू या. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातही रात्री दोन वाजता साप चावला की कोणीतरी म्हणतेच, "दवाखाना आहेच, पण आधी एकदा दाखवून तर घेऊ." या 'आधी एकदा' मध्येच वेळ जातो.

भीती हाताला काय करायला लावते

समजुतीइतकीच ताकद भावनेत असते. साप दिसला की छाती धडधडते, घाम फुटतो, हातपाय थरथरतात, मळमळते, डोळ्यांपुढे अंधारी येते. बिनविषारी साप चावलेली माणसेही बेशुद्ध पडताना मी पाहिली आहेत. ती नाटक करत नसतात, भीती शरीरावर खरोखर परिणाम करते. अडचण अशी की काही वेळा भीतीची लक्षणे आणि विषाची लक्षणे सारखी दिसतात. त्यामुळे 'हा घाबरलाय' की 'याला विष चढलंय' हे घरी बसून ठरवू नये. ते ठरवणे डॉक्टरचे काम.

भीतीने आपण कोणकोणत्या गोष्टी करतो?

करकचून बांधतो. विष वर चढेल या भीतीने दोरी, नाडी, वायर, काय सापडेल ते आवळतो. त्याने रक्तपुरवठा थांबतो. घोणस किंवा फुरसे चावले असेल तर विष एकाच जागी कोंडून मांस सडण्याचा धोका आणखी वाढतो. जीव वाचतो आणि पाय जातो, असेही होते.

कापतो आणि चोखतो. विष शरीरात पसरायला फार वेळ लागत नाही, त्यामुळे कापून ते बाहेर येत नाही. घोणस-फुरशाच्या विषाने रक्त गोठायचे थांबते. अशा वेळी ब्लेडची एक चीरही वाहत राहते.

पळतो. धावल्याने स्नायू हलतात आणि विष लवकर पसरते.

सापाच्या मागे लागतो. इथे भीतीचा राग होतो. चार माणसे काठ्या घेऊन साप शोधतात, त्यात अर्धा तास जातो आणि कधी कधी दुसऱ्यालाही दंश होतो. इंजेक्शन चारही सापांवर एकच असल्याने साप मारून नेण्याची गरज नाही. लांबून मोबाइलवर फोटो मिळाला तर घ्या, नाही तर सोडून द्या.

लपवतो. ही लाजेची गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. पहाटे उघड्यावर बसायला गेलेल्या बाईला मांडीवर किंवा कमरेखाली दंश होतो. घरात सासरा, दीर असतात. ती सांगत नाही, दिवस उगवायची वाट बघते. ताई-माईंनो, इथे लाज जिवावर उठते. "मला चावलंय" एवढे दोन शब्द पुरे आहेत. कुठे चावले ते सिस्टरला सांगा.

सूज नाही म्हणजे विष नाही?

ही समजूत सर्वांत फसवी. ती खोटी ठरवणारा साप म्हणजे मण्यार. काळाभोर, अंगावर पांढरे बारीक पट्टे, रात्री फिरणारा. जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात येतो. त्याचे दात इतके बारीक असतात की मुंगी चावल्यासारखे वाटते किंवा जागही येत नाही. सूज नाही, रक्त नाही, काही वेळा दाताची खूणही सापडत नाही. पहाटे माणूस उठतो तो पोटात दुखते, उलटी होते म्हणून. घरचे म्हणतात, "रात्रीचं शिळं बाधलं." मग पापण्या जड होतात, दोन-दोन दिसायला लागते, थुंकी गिळता येत नाही, बोलणे अडखळते आणि शेवटी छातीचे स्नायू थकून श्वास थांबतो.

म्हणून हे पक्के लक्षात ठेवा. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे अचानक पोटदुखी आणि जड पापण्या ही लक्षणे दिसली, तर साप दिसला नसला तरी दवाखाना गाठायचा.

विषाने लुळा पडलेला माणूस मेल्यासारखा दिसतो, पण काही वेळा त्याला सगळे ऐकू येत असते. त्याला कृत्रिम श्वास मिळाला तर तो तासांनी, दिवसांनी पुन्हा उठून बसतो. मेलेला माणूस मंत्राने उठला, अशा गोष्टी गावोगावी सांगतात. खरे तर असा माणूस मेलेला नसतो, श्वासाला आधार मागत असतो. तो आधार व्हेंटिलेटर देतो.

महाडच्या विंचवाची गोष्ट

समजुती फक्त वस्तीत असतात असे नाही, डॉक्टरांतही असतात. आपल्याच रायगड जिल्ह्यातले उदाहरण सांगते.

कोकणात लाल विंचू फार. काळा विंचू चावला की कळा येतात, पण जीव सहसा जात नाही. लाल विंचवाचे विष मात्र थेट हृदयावर ताण आणते. लहान मूल असेल तर काही तासांत फुप्फुसात पाणी भरते, तोंडाला गुलाबी फेस येतो. एके काळी अशा गंभीर झालेल्या शंभर रुग्णांपैकी सुमारे तीस-चाळीस दगावत. लाल विंचवावर इलाज नाही, ही समजूत लोकांत होती आणि वैद्यकातही तसा ठाम उपचार नव्हता.

१९७० च्या दशकात डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. जालना जिल्ह्यातल्या खेड्यातला, गरिबीत शिकलेला हा डॉक्टर. त्यांनी 'इलाज नाही' हे वाक्य तसेच मान्य केले नाही. रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, उलट्या यांच्या तासातासाच्या नोंदी ठेवल्या. धोक्याची आधीची लक्षणे कोणती, हे त्यांनी १९८२ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात मांडले. विषाने रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयावर भार येतो, हे पाहून त्यांनी रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध वापरले. ते रक्तवाहिन्या सैल करते. त्याचे निष्कर्ष डॉ. बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी १९८६ साली त्याच नियतकालिकात छापले. पुढे मृत्यूचे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास खाली आले. २०२२ साली डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली.

विंचू तोच, विष तेच, महाड तेच. फरक पडला तो 'इलाज नाही' या समजुतीच्या जागी नोंदवही आल्याने. समजूत बदलली, कृती बदलली, परिणाम बदलला.

विंचू चावल्यावर घरी काय ओळखायचे? भरपूर उलट्या, अंग भिजवणारा घाम, थंडगार हातपाय, तोंडातून लाळ. मुलग्यांमध्ये लिंग ताठरणे हेही धोक्याचे लक्षण आहे. आई-बाप संकोचाने हे सांगत नाहीत, पण त्यावरून डॉक्टरला लगेच अंदाज येतो, म्हणून न लाजता सांगा. लहान मुलाला विंचू चावला आणि यातले काहीही दिसले तर एक मिनिटही थांबू नका. प्राझोसिनची गोळी आपल्या मनाने देऊ नका. ती वजनानुसार, रक्तदाब बघून द्यावी लागते आणि दिल्यावर मुलाला निजवून ठेवावे लागते.

"सरकारी दवाखान्यात आपल्याला कोण विचारतो?"

ही समजूत अंधश्रद्धेतून आलेली नाही, अनुभवातून आली आहे. वस्तीतला माणूस म्हटला की आवाज चढतो, कपडे बघून बोलले जाते, बाहेर बसायला सांगतात. मी त्या खुर्चीच्या दोन्ही बाजूंना उभी राहिले आहे, त्यामुळे हे नाकारणार नाही. भगत 'ये बाळा' म्हणतो, पाठीवर हात ठेवतो, पाणी पाजतो. दवाखान्यात नाव, गाव, आधार कार्ड विचारतात. घाबरलेला माणूस जिथे माया मिळते तिकडेच वळणार. आरोग्य खात्यात काम करणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी हे ध्यानात घ्यावे. दारात आलेल्या माणसाला "घाबरू नका, योग्य ठिकाणी आलात" एवढे म्हटले तरी पुढच्या वेळी त्याची अख्खी वाडी थेट दवाखान्यात येते.

पण अपमानाच्या रागात इंजेक्शन सोडून जाऊ नका. उपचार हा आपला हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही. रुग्णाबरोबर बोलणारा एक जाणता माणूस न्या. आधी उपचार सुरू करून घ्या, तक्रार नंतर लेखी करा.

दवाखान्यात काय चालते ते माहीत असले की निम्मी भीती जाते. डॉक्टर बहुधा थोडे रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे ठेवतात. गोठले नाही तर विषाचा परिणाम झालेला आहे. लोकांना वाटते, "नुसतं रक्त काढून बसलेत, काही करत नाहीत." ती वीस मिनिटे वाया जात नसतात, तो तपास असतो. विषाची लक्षणे असतील तर एएसव्ही सुरू करतात, साधारण आठ-दहा कुप्या एकदम लागतात. लहान मुलालाही तेवढीच मात्रा, कारण सापाने मूल बघून विष कमी सोडलेले नसते. काही जणांना इंजेक्शनने अंगावर पित्त उठते, थंडी वाजते, दम लागतो. त्यावर औषध तयार ठेवलेले असते, त्यामुळे घाबरून सलाइन काढायला लावू नका. लक्षणे नसली तरी २४ तास ठेवून घेतात. "आता बरा आहे, घरी नेतो" असे म्हणू नका.

भगताशी भांडायचे का?

त्या क्षणी नाही. रात्री दोनला वाद घालत बसलात तर वेळ त्यातच जाईल. भगत आपल्याच शेजारच्या वाडीतला, आपल्यासारखाच गरीब माणूस असतो. त्याच्याशी बोलायचे ते उन्हाळ्यात, शांतपणे. "दादा, तुझ्याकडे कोणी आला तर तूच सांग, आधी दवाखान्यात जा." त्याच्या शब्दाला वजन आहे, ते वजन आपल्या कामाला येऊ द्या. काही ठिकाणी भगत मंडळी असे सांगूही लागली आहेत.

पण कोणी अडवूनच धरले तर कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी वर्षानुवर्षे ज्यासाठी लढा दिला तो जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या खुनानंतर, २०१३ साली महाराष्ट्रात लागू झाला. कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा या कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, शिवाय पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड.

पहिल्या अर्ध्या तासात एवढेच करा

१. चावलेल्या माणसाला बसवा किंवा निजवा. त्याला सांगा, "बहुतेक साप बिनविषारी असतात, विषारी असला तरी औषध आहे, आपण निघालोय." हे खोटे धीर देणे नाही, खरी माहिती आहे.

२. अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण, घड्याळ, काळा दोरा लगेच काढा. सूज आली की निघत नाहीत.

३. मोडलेल्या हाडाला बांधतात तशी काठी किंवा पुठ्ठा लावून हात-पाय सैलसर बांधा. हेतू फक्त हलू न देण्याचा. आवळू नका.

४. कोणी आधीच करकचून बांधले असेल तर घरी एकदम सोडू नका. तसेच दवाखान्यात न्या आणि तिथे सांगा.

५. कापणे, चोखणे, बर्फ, चुना, पोटॅश, कोंबडीचे पिल्लू लावणे, मिरची-कडुलिंब खायला घालणे, दारू पाजणे, यातले काहीही नको.

६. १०८ ला फोन करा. गाडी यायला वेळ असेल तर मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून न्या. चालवत नेऊ नका. उलटी होत असेल, ग्लानी असेल तर कुशीवर निजवून गाडीतूनच न्या.

७. चावल्याची वेळ आणि पहिले लक्षण केव्हा दिसले, ते कागदावर लिहा.

आधी ठरवून ठेवा

अष्टांगिक मार्गात पहिले अंग सम्यक दृष्टी आहे, मग सम्यक संकल्प, आणि त्यानंतर वाचा आणि कर्म. हा क्रम उगीच नाही. दृष्टी नीट नसेल तर हात नीट चालत नाहीत. पण दृष्टी संकटाच्या क्षणी बदलत नाही, त्यासाठी आधी बसून विचार करावा लागतो.

त्यासाठी आपल्याकडे सोयीची वेळ आहे. सापांचा हंगाम आणि वर्षावास एकाच वेळी येतात. संध्याकाळी विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ग्रंथाचे वाचन होते, आयाबाया, तरुण, म्हातारे सगळे जमलेले असतात. एका दिवशी वाचन झाल्यावर पंधरा मिनिटे काढा आणि चार गोष्टी ठरवा. रात्री कोणाची गाडी निघेल? जवळच्या आरोग्य केंद्रात एएसव्ही आहे का, रात्री डॉक्टर असतात का? तिथे नसेल तर पुढे कुठे जायचे, कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय, चौकचे किंवा कशेळ्याचे ग्रामीण रुग्णालय, की आणखी कुठे? आणि रुग्णाबरोबर बोलायला कोण जाईल? चौकशी प्रत्यक्ष जाऊन करा, ऐकीव माहितीवर राहू नका. साठा नसेल तर महिला मंडळाच्या वतीने वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी पत्र द्या आणि त्याची पोच घ्या. मग ही उत्तरे मोठ्या अक्षरांत लिहून विहाराच्या दारामागे चिकटवा.

मुलांना घेऊन एकदा सराव करा. एक मुलगा 'साप चावलेला' होईल, दुसरा काठी बांधेल, तिसरी १०८ ला काय सांगायचे ते पाठ म्हणून दाखवेल. पोरांना मजा वाटेल, पण हात एकदा शिकला की भीतीतही तो तेच करतो.

आणि घरात आजपासून: जमिनीवर झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली खोचा, जमले तर खाट वापरा. रात्री बाहेर पडताना बॅटरी आणि काठी घ्या. पेंढ्यात, लाकडांत, विटांत थेट हात घालू नका. चप्पल-बूट झटकून घाला, विंचू त्यातच बसतो. लावणीला जाताना गमबूट मिळाले तर घाला. घराजवळचा कचरा आणि उंदीर कमी करा.

हा अंक घरात ठेवून देऊ नका. यातली सात कलमे ज्याला वाचता येत नाही अशा एका तरी शेजाऱ्याला आज वाचून दाखवा.